तुटलेला धागा आणि थांबणारा माग: टोयोटा, किर्लोस्कर आणि होसकोट्याची वाट

बेंगळूर शहराच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्याच्या कडेला वसलेले होसकोटे हे तालुक्याचे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही, कारण सतराव्या शतकात विजापूर दरबाराने शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर दिली, तिच्यात बेंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. आज या गावाचे नाव निघते ते रस्त्यांमुळे आणि वाहनांमुळे. व्होल्वो या स्वीडिश कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे मालमोटारींचा आणि पुढे बसगाड्यांचा कारखाना उभारला. याच रस्त्याने कोलारकडे जाताना नरसापूर येथे होंडाचा दुचाकींचा कारखाना लागतो. आणि होसकोट्यापासून चेन्नईच्या दिशेने निघणाऱ्या नव्या द्रुतगती महामार्गाचा कर्नाटकातील भाग २०२४ च्या अखेरीस वाहतुकीला खुला झाला. असे असूनही कोलार, मुळबागल, चित्तूर आणि तिरुपतीकडे भाविकांना घेऊन जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांत जी गाडी सहज नजरेत भरते ती ना स्वीडनची ना होंडाची. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हैसूर रस्त्यावरील बिडदी येथे तयार होणारी टोयोटाची इनोव्हा. तिच्या मालकांना तिच्याविषयी वाटणारा भरवसा जाहिरातींतून आलेला नाही, आणि तो निव्वळ जपानी पोलादाच्या दर्जातूनही आलेला नाही. त्याचे मूळ एका लाकडी हातमागात आहे, आणि भारतात तो रुजण्याच्या कथेत एका मराठी उद्योगघराण्याचा वाटा आहे.

तो हातमाग बनवणारे साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ मध्ये जपानच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात सुताराच्या घरी झाला. गावातील स्त्रिया रात्ररात्र मागावर बसत असत, आणि त्यांचे ते कष्ट पाहून त्याने हातमाग सुधारण्याचा ध्यास घेतला. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचे पहिले पेटंट, म्हणजे शोधावरील कायदेशीर हक्क, मिळाले. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि धोट्यातून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा, हे इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या वाचकाला सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे ताण्यातला एक धागा तुटूनही माग चालत राहिला तर वारच्या वार कापड सदोष विणले जाते, हेही तेथील प्रत्येक विणकराला ठाऊक असते. म्हणूनच मागापाशी माणूस डोळ्यांत तेल घालून उभा करावा लागे, आणि त्या माणसाचे काम विणण्याचे न राहता केवळ राखणीचे होऊन बसे. साकिचीने या अडचणीवर जो उपाय काढला तो साधा आणि दूरगामी होता: धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे. १९२४ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या त्याच्या 'जी' प्रकारच्या स्वयंचलित मागात ही थांबण्याची युक्ती होती, शिवाय माग न थांबवता धोटा बदलण्याचीही सोय होती, त्यामुळे एक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकत असे. यंत्राला चूक ओळखण्याची ही जी समज दिली जाते तिला जपानी भाषेत 'जिदोका' म्हणतात, आणि टोयोटाच्या साऱ्या विचाराचा तो पहिला खांब मानला जातो. या मागाचा लौकिक असा की १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने विकत घेतले, म्हणजे ज्या देशाने जगाला यंत्रमाग शिकवला त्याच देशाला जपानी सुताराच्या मुलाकडून तो परत शिकावा लागला.

साकिचीचा मुलगा किइचिरो हा अभियंता होता आणि त्याचे मन मोटारींत होते. १९३३ मध्ये साकिचीच्या टोयोडा माग कारखान्यातच मोटारींचा विभाग सुरू झाला, १९३५ मध्ये मालमोटार आली, १९३६ मध्ये 'एए' नावाची पहिली प्रवासी गाडी बाजारात आली, आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनीची स्वतंत्र स्थापना झाली. घराण्याचे नाव टोयोडा असताना कंपनीचे नाव टोयोटा का झाले, याचे एक कारण लिपीत आहे: जपानी काताकाना लिपीत 'टोयोटा' लिहिण्यासाठी लेखणीचे आठ फटकारे लागतात, आणि आठ हा अंक तेथे शुभ समजला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची अर्थव्यवस्था कोलमडली, १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर येऊन मोठी कामगारकपात झाली, संप झाला आणि त्याची जबाबदारी स्वीकारून किइचिरोने अध्यक्षपद सोडले. १९५२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. कोरियातील युद्धामुळे अमेरिकी सैन्याकडून मालमोटारींची मागणी आली नसती तर ही कंपनी कदाचित तेथेच संपली असती.

या हलाखीतूनच कंपनीची जगप्रसिद्ध कामाची पद्धत घडली, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९५० मध्ये याच घराण्यातील एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा अवाढव्य कारखाना पाहून आले, पण तसे कोठारे भरून सुटे भाग साठवण्याइतका पैसा जपानकडे नव्हता, आणि बाजारही तेवढा मोठा नव्हता. ताइइची ओनो या अभियंत्याने किइचिरोची 'जेव्हा हवे तेव्हा, हवे तेवढेच' ही कल्पना उचलून ती कारखान्यात प्रत्यक्ष बसवली: पुढच्या टप्प्यावरील कामगाराला जेवढे भाग लागतील तेवढ्याचीच मागणी एका पाटीद्वारे मागच्या टप्प्याकडे जाते आणि तेवढेच भाग तयार होतात. या पाटीचे जपानी नाव 'कानबान'. साठा कमी असला की चूक लपत नाही, कारण एक भाग सदोष निघाला तर त्याच्या जागी बसवायला कोठारात दुसरे शंभर पडलेले नसतात. म्हणून जुळणीच्या ओळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला, दोष दिसताच डोक्यावरची दोरी ओढून मदत बोलावण्याचा आणि वेळ पडल्यास ओळ थांबवण्याचा अधिकार देण्यात आला. दोरी ओढताच जो दिवा लागतो त्याला कागदी कंदिलावरून 'अंदोन' हे नाव मिळाले. दोष दुरुस्त करून भागत नाही, तो का झाला हे एकापाठोपाठ पाच वेळा विचारत मूळ कारणापर्यंत जायचे, अशीही शिस्त ओनोने घातली. धागा तुटताच थांबणारा माग आणि दोरी ओढताच थांबणारी मोटारींची ओळ यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक एवढाच की मागाची समज तेथे साध्या कामगाराच्या हाती देण्यात आली. उद्योगाच्या इतिहासात हा बदल अनेक मोठ्या शोधांपेक्षा मोलाचा ठरतो, कारण ज्याच्या हाताखालून वस्तू जाते त्याच्या शब्दाला येथे प्रथम किंमत मिळाली.

या जपानी कथेला समांतर चालणारी मराठी कथा बेळगावात सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला, म्हणजे साकिचीपेक्षा ते दोनच वर्षांनी लहान. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंग ओळखण्यात डोळे कमी पडल्याने यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवू लागले. त्यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडामुळे जमीन नासते असा समज आड आला आणि शेतकऱ्याचे मन वळवायला काळ जावा लागला. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुतार आणि सायकलवाला, माग आणि नांगर, दोघांनीही आपल्या भोवतीच्या कष्टकऱ्याचे अवजार आधी हाती घेतले आणि कारखाना नंतर काढला. ही तुलना ओढूनताणून केलेली वाटू नये, कारण पुढे या दोन घराण्यांची गाठ खरोखरच पडली, आणि तीही पहिल्यांदा मोटारींच्या निमित्ताने पडली नाही. १९९५ मध्ये लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोडाच्या मूळ माग कंपनीबरोबर बेंगळूरजवळ सूत कातण्याची यंत्रे बनवणारी संयुक्त कंपनी काढली. वस्त्रयंत्रांतून जुळलेल्या या ओळखीतून ६ ऑक्टोबर १९९७ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि बिडदी येथील ४३२ एकरांवर तिचा कारखाना उभा राहिला. किर्लोस्करांचा हिस्सा आरंभी २६ टक्के होता. आज तो ११ टक्के आहे, आणि उरलेला सारा टोयोटाचा आहे.

टोयोटाचा भारतातील हा पहिला प्रयत्न नव्हता. १९८० च्या दशकात दिल्लीच्या डीसीएम उद्योगसमूहाबरोबर हलक्या मालमोटारी बनवण्याचा प्रयोग झाला होता आणि तो फार काळ टिकला नाही. पुढे २००० च्या जानेवारीत जेव्हा क्वालिस ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्या दिसण्यावर टीका झाली ती रास्त होती. ही गाडी म्हणजे इंडोनेशियात १९७७ पासून चालत आलेल्या 'किजांग' या साध्या, चौकोनी गाडीची तिसरी पिढी. किजांग हा तेथे भेकराला असलेला शब्द. बाहेरून खोक्यासारखी दिसणारी ही गाडी आतून मात्र भारतीय कुटुंबाच्या हिशेबाची होती: आठ-दहा माणसे सामानासह बसत, डिझेल इंजिन कुरकुर न करता चाले, आणि शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर उभी असल्यामुळे खड्डे सोसत असे. त्याच वर्षांत बेंगळूर आणि पुण्यात परदेशी ग्राहकांचे दूरध्वनी रात्री घेणारी सेवाकेंद्रे वाढत होती, कर्मचाऱ्यांना अपरात्री घरून आणणे-पोचवणे हा नवा धंदा उभा राहत होता, आणि क्वालिस त्या धंद्याची गाडी झाली. जी गाडी दिवसाचे वीस तास चालते तिच्यातले दोष फार लवकर उघडे पडतात. क्वालिस त्या परीक्षेत उतरली, आणि मग घरगुती गिऱ्हाईकही तिच्याकडे वळले.

क्वालिस चांगली खपत असतानाच २००५ मध्ये कंपनीने ती बंद केली आणि इनोव्हा आणली, तेव्हा या निर्णयाचे अनेकांना आश्चर्य वाटले. इनोव्हा ही अनेक विकसनशील देशांसाठी एकाच पायावर मालवाहू, डोंगरी आणि कौटुंबिक अशा तीन प्रकारच्या गाड्या बनवण्याच्या जागतिक योजनेतील गाडी होती. तिच्या अडीच लिटरच्या डिझेल इंजिनात सर्व नळकांड्यांना एकाच सामायिक नळीतून अतिशय उच्च दाबाने इंधन पुरवले जाते. या 'कॉमन रेल' पद्धतीमुळे डिझेल अधिक बारीक फवारले जाते, धूर कमी होतो आणि इंजिन शांत चालते. २०१६ मध्ये तिची मोठी बहीण इनोव्हा क्रिस्टा आली, जिच्या इंजिनाची ताकद जवळजवळ दीडपट होती आणि जिच्यात पट्ट्याऐवजी साखळीने फिरणारी झडपांची यंत्रणा आली, म्हणजे ठराविक अंतरानंतर टाइमिंग बेल्ट बदलण्याचा एक खर्च वाचला.

होसकोटे-कोलार-तिरुपती या वाटेवर गाडी चालवणाऱ्या मालकाचा हिशेब समजून घेतल्याखेरीज या गाडीच्या लौकिकाचा उलगडा होत नाही. पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, गाडी बहुतेक वेळा कर्जावर घेतलेली असते; हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो, गाडी चालो वा न चालो. अशा मालकाला एका लिटरमागे एक-दोन किलोमीटर कमी मिळाले तरी चालते, पण गाडी लग्नसराईत चार दिवस वर्कशॉपमध्ये अडकलेली चालत नाही, कारण त्या चार दिवसांत त्याचे ठरलेले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि बरेचदा परत येत नाही. इनोव्हाचे डिझेलचे ॲव्हरेज लिटरला दहा ते तेरा किलोमीटरच्या आसपास राहते, जे काही भारी म्हणता येणार नाही. परंतु ती बंद पडत नाही, तिचे भाग सर्वत्र मिळतात आणि तिच्या यंत्राची ओळख नसलेला मेकॅनिक महामार्गावर शोधून सापडत नाही. सात आसनांच्या प्रकारात मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असल्याने वृद्ध प्रवाशाला पाय लांब करता येतात, आणि म्हणून तीर्थयात्रेला निघालेले कुटुंब भाडे ठरवताना गाडीचे नाव घेऊनच विचारते. तीन-चार लाख किलोमीटर चालूनही इंजिन उघडावे न लागलेल्या इनोव्हांची वाहनचालकांत जी चर्चा असते, ती अतिशयोक्ती समजून सोडून देण्यासारखी नाही.

तरीही या चर्चेचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एवढे अंतर कापणाऱ्या गाड्यांची निगा बहुधा वेळच्या वेळी राखलेली असते, कारण त्यांच्यावर घर चालते. तेल दर १०,००० किलोमीटरला बदलले जाते, ओरिजिनल फिल्टर बसवले जातात आणि गाडी रोज चालत असल्याने इंजिन नेहमी योग्य तापमानावर असते, जे महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या घरगुती गाडीच्या वाट्याला येत नाही. जेथे निकृष्ट डिझेल भरले गेले तेथे इंधन फवारणारे इंजेक्टर महागात पडले आहेत. ब्रेकचे पॅड वजनामुळे लवकर झिजतात अशी तक्रार जुनीच आहे. रिकामी गाडी मागे उसळते, तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याला घाटात त्रास होतो, आणि आरंभीच्या वर्षांत खालच्या श्रेणीतील गाड्यांत सुरक्षेच्या हवेच्या पिशव्याही नव्हत्या, ही उणीव किमतीच्या मानाने गंभीर होती. किंमत हा तर वेगळाच विषय: २००५ मध्ये सात लाखांच्या आसपास सुरू होणारी इनोव्हा आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे गेली आहे, आणि जुन्या इनोव्हाच्या बाजारातील चढे भाव हे काही अंशी त्याचेच फळ आहे. एका गाडीचे यश दुसरीला तारत नाही, हे एटियॉसने दाखवले. खास भारतासाठी बनवलेली ही गाडी २०१० च्या डिसेंबरात आली, यंत्र म्हणून ती भरवशाची निघाली, टॅक्सीवाल्यांनी ती आपलीशी केली, पण आतला साधेपणा घरगुती गिऱ्हाइकाला रुचला नाही आणि २०२० मध्ये ती बंद झाली.

टोयोटाचा इतिहास निर्दोष आहे असेही नाही. २००९-१० मध्ये गाडीचा वेग आपोआप वाढल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत आणि अन्यत्र लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि साकिचीचे पणतू अकिओ टोयोडा यांना अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहून क्षमा मागावी लागली. कंपनी आपल्या माणसांच्या तयारीपेक्षा जास्त वेगाने वाढली, अशी कबुली त्यांनी दिली. बिडदीतही मार्च २०१४ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२० मध्ये व्यवस्थापन व कामगार यांचा संघर्ष टाळेबंदीपर्यंत गेला, आणि ज्या पद्धतीचा पायाच कामगाराच्या शब्दाला मान देण्यावर आहे तिच्यासाठी ही फार अवघड परीक्षा होती. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या प्रमाणपत्र-चाचणीत गैरप्रकार आढळल्याने भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या गाड्या विक्रेत्यांकडे पाठवणे काही दिवस थांबवण्यात आले. ही इंजिने बनवणारी कंपनी म्हणजे तीच मूळची माग कंपनी, जिच्या यंत्राने जगाला धागा तुटताच थांबायला शिकवले. तिच्या चाचणीतला धागा तुटला आणि माग मात्र चालत राहिला, ही गोष्ट टोयोटाच्या चाहत्यांनी जास्त गांभीर्याने घ्यायला हवी.

दरम्यान गाडीच बदलली आहे. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी अनावरण झालेली इनोव्हा हायक्रॉस शिडीच्या चौकटीवर उभी नाही. तिचे सारे अंग एकसंध कवचासारखे आहे, ताकद पुढच्या चाकांना मिळते, आणि डिझेलऐवजी पेट्रोलचे इंजिन, वरच्या श्रेणींत विजेच्या मोटरच्या जोडीने, तिला ओढते. या संकर पद्धतीत, म्हणजे हायब्रिडमध्ये, ब्रेक लावताना वाया जाणारी गती विजेत रूपांतरित होऊन बॅटरीत साठते आणि पुढे मोटर चालवते, म्हणून बेंगळुरातील के. आर. पुरमच्या पुलाखाली तासन्‌तास रखडणाऱ्या वाहतुकीत, जेथे डिझेल गाडी सर्वाधिक इंधन खाते, तेथेच ही गाडी सर्वाधिक वाचवते. कंपनीने जाहीर केलेला तिचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी मिळाले तरी जुन्या इनोव्हाच्या तुलनेत फरक मोठाच राहतो. या गाडीच्या वरच्या श्रेणींसाठी सुरुवातीला वर्षभराच्या वर थांबावे लागत होते. अनावरणानंतर चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, विक्रम किर्लोस्कर यांचे बेंगळुरात निधन झाले.

जुन्या डिझेल इनोव्हाला मात्र अजून उतरती कळा लागलेली नाही. दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध आल्यापासून तेथील अनेक इनोव्हा ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात, आणि अशी गाडी घेणाऱ्याने अंतर दाखवणारा आकडा मागे फिरवलेला नाही ना, हे अधिकृत वर्कशॉपमधील नोंदींवरून तपासून पाहणे शहाणपणाचे असते; इंजिन ऐकून तिचे वय कळत नाही. नवी गुंतवणूक बिडदीत चालू आहेच, शिवाय ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाबरोबर टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या कारखान्याचा सामंजस्य करार केला, आणि जागा ठरली ती छत्रपती संभाजीनगरजवळचे बिडकीन. हे गाव पैठणच्या रस्त्यावर आहे, आणि पैठणला आजही हातमागावर ताणा लावून, बाण्यात जर घालून पैठणी विणली जाते.